गादीला मान आहेच, पण उमेदवाराला प्रश्न विचारणारच

२०२४ संपता संपता लिहितोय, नाहीतर कोल्हापुरात राजघराण्यावर काही लिहायचं म्हटलं की दोन बाजूंनी माणसं धावून येतात, एक म्हणतो गादीबद्दल बोलायची तुझी लायकी काय आणि दुसरा म्हणतो लोकशाहीत कसली आलीय गादी. दोघांनाही आधीच नमस्कार. मी पेठेतला साधा माणूस, कुठल्या पक्षाचा पदाधिकारी नाही, कुणाची स्लिप वाटलेली नाही, तरी कमेंटमध्ये मला कुणाच्या तरी खात्यावर टाकणारच आहात तर टाका.

पण २०२४ मध्ये या गावात सगळ्यात जास्त कशावर बोललं गेलं? पंचगंगेला पाणी आलं, ते ओसरलं, खड्डे होते तिथंच आहेत. बोललं गेलं ते न्यू पॅलेसवर, म्हणजे छत्रपती घराण्यावर. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत सलग. तालमीत, मिसळीच्या टेबलावर, रंकाळ्याच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत सुद्धा. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला असं दिसलं की लोक महाराजांबद्दल दोन वेगवेगळ्या आवाजात बोलतायत, एक आवाज दसऱ्याचा आणि एक मतदानाचा.

दसऱ्याचा आवाज सगळ्यांना माहितीय. दसरा चौकात अंबाबाईची, तुळजाभवानीची आणि गुरुमहाराजांची पालखी येते, मग ती राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक गाडी येते, शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटायला जी झुंबड उडते त्यात कोण कुठल्या पक्षाचा हे बघायला कुणाला वेळ नसतो. सगळ्या पक्षांचे पुढारी तिथं पांढरी शुभ्र कपडे घालून उभे असतात, ज्यांनी महाराजांच्या विरोधात प्रचार केला तेही, आणि महाराजांना सोनं देताना वाकतात. मनापासून वाकतात, नाटक नसतं ते. कोल्हापुरातला माणूस आमदाराला एकेरीत शिवी घालेल पण महाराज समोरून आले की आपोआप बाजूला होतो, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

आणि ही इमेज बनवायला कुठली एजन्सी लागली नाही हे मुद्दाम सांगतो. आत्ताचे शाहू महाराज मुळात कमी बोलणारे. फुटबॉलच्या मॅचला शाहू स्टेडियमवर येणार, केएसएचे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे, पेट्रन-इन-चीफ म्हणून खेळाडूंशी हात मिळवणार, बसणार, मॅच बघणार. कुस्तीच्या मैदानात तसंच. भाषण दोन मिनिटांचं. आपल्याकडं नेते मिनिटाला रील टाकतात त्या काळात हा माणूस गप्प बसून मोठा राहिला. गादीचं असंच असतं, तिनं बोलायची गरज नसते, ती नुसती असली तरी पुरतं.

मग ७६ व्या वर्षी महाराज काँग्रेसकडून लोकसभेला उभे राहिले.

घराण्यात हे नवीन नव्हतं म्हणा. महाराजांचे चिरंजीव मालोजीराजे २००४ ला आमदार झाले, २००९ ला पडले. त्याच २००९ ला थोरले चिरंजीव संभाजीराजे लोकसभेला उभे होते, ते सदाशिवराव मंडलिकांकडून हरले. म्हणजे कोल्हापूरकर राजघराण्याला पाडू शकतो हे आधीच सिद्ध झालेलं होतं, त्यामुळं "राजाला कोण नाही म्हणणार" असं जे बाहेरचे चॅनलवाले बोलत होते ते ऐकून हसू यायचं. पण स्वतः महाराज उभे राहणं वेगळं. मुलगा पडला तर मुलगा पडला, महाराज पडले तर काय? ही भीती विरोधकांना पण होती बरं का, म्हणून तर ती घोषणा निघाली, मान गादीला मत मोदीला. घोषणा म्हणून मला ती आवडली होती खरं सांगायचं तर, त्यात अपमान नव्हता आणि भांडण पण होतं. उलट बाजूनं उत्तर आलं की मान पण गादीला आणि मत पण गादीलाच. गल्लोगल्ली बॅनर.

मग एप्रिलमध्ये महाराजांच्या विरोधात उभ्या असलेल्या संजय मंडलिकांनी एका सभेत ते दत्तकाचं काढलं, की आत्ताचे महाराज दत्तक आलेले, खरे वारसदार आपण म्हणजे कोल्हापूरची जनता. त्या दिवशी गावाचं वातावरण फिरलं असं माझं मत आहे, आकडे सांगून सिद्ध करता येणार नाही पण फिरलं. कारण दत्तक ही शिवी होऊच शकत नाही कोल्हापुरात. अहो ज्यांच्या नावावर आपण सगळे छाती फुगवतो ते राजर्षी शाहू महाराज कोण होते? कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १८८४ ला आनंदीबाई राणीसाहेबांनी दत्तक घेतलं आणि शाहू झाले, १८९४ ला राज्यकारभार हातात आला. दत्तक नसते तर राजर्षी कुठले मिळाले असते आपल्याला? हां, आत्ताच्या महाराजांच्या १९६२ च्या दत्तकावरून याच गावात मोठं आंदोलन झालं होतं हे खरं आहे, जुनी माणसं अजून सांगतात. म्हणजे वारस कोण यावर महाराजांशी भांडायला पण हेच गाव रस्त्यावर उतरलेलं आणि साठ वर्षांनी त्याच महाराजांना कुणी दत्तक म्हटल्यावर चिडलं पण हेच गाव. बाहेरच्याला यात विसंगती दिसेल. आमच्या घरातलं आम्ही बोलू, तुम्ही प्रचारात वापरायचं नाही, इतकं सरळ आहे.

४ जूनला निकाल लागला, १ लाख ५४ हजारांच्या वर लीड. गुलाल तर ठरलेलाच. आणि त्याच महिन्यात २६ जूनला राजर्षींच्या जन्माला दीडशे वर्षं पूर्ण झाली. म्हणजे योग असा की पणजोबांची दीडशेवी जयंती आणि पणतू नवा खासदार. घराण्याची इमेज त्या महिन्यात जितकी वर होती तितकी माझ्या आठवणीत तरी कधीच नव्हती.

पण मला विचाराल तर या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस ४ जून नाही. तो जुलैमधला आहे.

विशाळगडावरच्या अतिक्रमणाचा प्रश्न जुना आहे, त्याची केस कोर्टात, आणि संभाजीराजे गडकोटांसाठी बोलतात ते आजचं नाही, गडांवरची त्यांची तळमळ मी नाकारत नाही. त्यांनी हाक दिली, १४ जुलैला लोक निघाले. त्या दिवसांत तसंही पन्हाळा ते पावनखिंड ट्रेकला पोरं जात असतात, पावसात, बाजीप्रभूंची आठवण म्हणून. आणि त्याच वाटेवरच्या गजापुरात त्या दिवशी काही लोकांनी घरं फोडली, गाड्या फोडल्या, मशिदीची तोडफोड केली. ज्यांचा अतिक्रमणाशी काडीचा संबंध नव्हता त्या माणसांची घरं. गजापूर हे नाव आम्ही शाळेत बाजीप्रभूंच्या धड्यात वाचलेलं, गजापूरची खिंड. ते नाव असल्या बातमीत वाचताना जे वाटलं ते लिहीत नाही. संभाजीराजेंनी आपली भूमिका अतिक्रमणाविरुद्ध आहे, कुठल्या धर्माविरुद्ध नाही असं सांगितलं. पण आंदोलनाची हाक त्यांची होती त्यामुळं बोट त्यांच्याकडं जाणारच होतं.

आता शाहू महाराजांची जागा घेऊन बघा. दीड महिन्यापूर्वी निवडून आलेला खासदार, मुलाचं आंदोलन, गावात तापलेलं वातावरण, सोशल मीडियावर दोन्हीकडून आग. सगळ्यात सोपं काय होतं? गप्प बसणं. आयुष्यभर जे जमलं तेच. कुणी नावं ठेवली नसती, महाराज आहेत, वयस्कर आहेत, मुलाचा विषय आहे, लोकांनी समजून घेतलं असतं. त्यांनी ते केलं नाही. झाल्या प्रकाराचा जाहीर निषेध केला, मुलाच्या आंदोलनाबद्दल नाराजी लपवली नाही आणि दोन दिवसांत पावसाचं स्वतः गजापूरला गेले, काँग्रेसचे नेते सतेज पाटील वगैरे सोबत होते, वाटेत पोलिसांनी अडवलं तरी गेले. ज्यांची घरं फुटली त्या बायाबापड्यांसमोर जाऊन उभे राहिले. त्यावरून त्यांना शिव्या पण खूप पडल्या, त्यातल्या काही माझ्याच मित्रयादीतल्या लोकांनी घातल्या, मी बघितल्यात. पण पोराच्या विरोधात जाऊन बाप बोलतो, आणि बाप राजा असतो, आणि जिथं मतं मिळण्याऐवजी जाण्याची शक्यता जास्त तिथं जातो, हे मी तरी आपल्या राजकारणात दुसरीकडं बघितलेलं नाही. त्या दिवशी मला वाटलं की चला, गादी खासदार झाली त्याचा उपयोग झाला.

(ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षींनी १९१५ ला बांधलेलं. त्यावर लिहायला बसलो तर ही पोस्ट तिथंच संपेल, रात्रभर लोक खासबागेत उभे राहून रडत होते एवढंच लिहितो.)

आणि मग ४ नोव्हेंबर.

ज्यांना तारीख लक्षात नसेल त्यांच्यासाठी. विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसनं आधी राजेश लाटकरांना तिकीट दिलं. माजी नगरसेवकांनी गोंधळ घातला, तिकीट बदललं, महाराजांच्या सूनबाई मधुरिमाराजे उमेदवार झाल्या. लाटकर अपक्ष म्हणून अडून बसले. आणि माघारीच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या मिनिटांत, मधुरिमाराजेंनीच अर्ज मागं घेतला. पंजा मशीनवरूनच गायब. कलेक्टर ऑफिसच्या आवारात सतेज पाटलांचा जो भडका उडाला तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, दम नव्हता तर उभंच राहायचं नव्हतं म्हणाले, महाराजांच्या समोर. कोल्हापुरात छत्रपतींसमोर इतक्या मोठ्यानं कुणी बोललेलं माझ्या पिढीनं तरी ऐकलं नव्हतं. त्यांचा राग चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, ज्या माणसानं लोकसभेला जिवाचं रान केलं त्याच्या पायाखालची जमीन शेवटच्या मिनिटाला काढली तर तो काय आरती ओवाळणार? पण ऐकताना कसंतरी झालं हे पण खरं.

पुढं काय झालं ते माहितीय, काँग्रेसनं लाटकरांना पाठिंबा दिला, शिंदे सेनेचे राजेश क्षीरसागर निवडून आले, जिल्ह्यात महाविकास आघाडीचा एकही आमदार आला नाही. हे सगळं त्या एका माघारीमुळं झालं असं कुणी म्हणत असेल तर मी मानत नाही, लाट राज्यभर होती. माझा मुद्दा हार-जितीचा नाहीच.

माझा मुद्दा असा की का माघार घेतली हे उत्तरच्या मतदाराला कुणी धड समजावून सांगितलं? लाटकर ऐकत नव्हते हे कारण कळलं. पण लाटकर ऐकत नाहीत हे अर्ज भरताना पण माहीत होतंच की! मग भरला का? आणि भरला तर शेवटच्या क्षणापर्यंत थांबून काढला का? सामान्य कार्यकर्त्यासाठी राजघराण्यानं मन मोठं केलं असं समर्थक म्हणतात, मला ते पटायला हरकत नाही, खरंच तसं असेल तर ती भारी गोष्ट आहे. पण मग ती दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रकार परिषद घेऊन, मधुरिमाराजेंनी स्वतः, मतदारांकडं बघून, सविस्तर सांगायला पाहिजे होती. त्या चांगल्या बोलतात, त्यांना जमलं असतं. प्रचाराची पत्रकं घरात आलेली, आमच्या गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाच्या तयारीनं कामाला लागलेल्या, त्या बायकांना काय उत्तर मिळालं? काही नाही. आणि उत्तर नसलं की अफवा येतात. कुणी म्हणतं दिल्लीतून फोन आला, कुणी म्हणतं मुंबईतून, कुणी म्हणतं घरातच पटलं नाही. व्हॉट्सॲपवर एकेकानं तर अशा स्टोऱ्या फिरवल्या की मी इथं लिहूच शकत नाही.

हेच यंदा लंडनला पण झालं बघा. आमच्या भाचीला त्या राजघराण्याचं लई वेड म्हणून मला हे सगळं नको असताना माहीत झालंय. जानेवारीत युवराज्ञी केटचं ऑपरेशन झालं, ५ फेब्रुवारीला चार्ल्स राजाला कॅन्सर असल्याचं राजवाड्यानं सांगितलं, कुठला ते सांगितलं नाही. केट दिसेना तशी अख्ख्या जगात चर्चा. मग १० मार्चला पोरांसोबतचा फोटो टाकला आणि लोकांनी त्यात छोट्या शार्लटच्या स्वेटरची बाही जुळत नाही हे शोधून काढलं, मोठमोठ्या न्यूज एजन्सींनी फोटो मागं घेतला, दुसऱ्या दिवशी केटला एडिटिंगबद्दल माफी मागावी लागली. शेवटी २२ मार्चला ती बाकावर बसली आणि व्हिडिओत सरळ सांगितलं, कॅन्सर आहे, केमो चालू आहे. त्या दिवशी सगळी तोंडं बंद. एवढा मोठा प्रेस विभाग पदरी असून जे दोन महिने जमलं नाही ते बाईनं स्वतः समोर येऊन बोलल्यावर दोन मिनिटांत झालं.

पण फरक बघा. केटचं आजारपण तिचं खाजगी होतं. ती जगाला काही देणं लागत नव्हती, तरी तिला बोलावं लागलं याचं मला वाईटच वाटलं. उमेदवारी मात्र खाजगी नसते. तिकीट घेतलं, अर्ज भरला, मतं द्या म्हणून हात जोडले, तिथून पुढचं सगळं आमचं पण आहे. जूनमध्ये आम्ही मत दिलं ते गादीकडं बघून दिलं असेल, पण दिलं उमेदवाराला. मग नोव्हेंबरमध्ये प्रश्न आला की लगेच "छत्रपती घराण्याला असं विचारायचं नसतं" हे कसं चालेल? मत मागताना लोकशाही आणि उत्तर देताना गादी, असं दोन्ही एकदम मिळत नाही. आणि हे महाराज स्वतः म्हणतायत असं नाही, हे त्यांच्या आजूबाजूची माणसं म्हणतायत, त्यांच्यापेक्षा जास्त राजनिष्ठ असलेली.

आता इथं मला हमखास राजर्षींचं नाव ऐकवलं जातं, की ज्यांनी एवढं केलं त्यांच्या घराला तुम्ही जाब विचारता? बरं, मग राजर्षींचंच घेऊ. १९०२ ला ते सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला इंग्लंडला गेले होते. तो सोहळा ठरला होता नेमका २६ जूनला, महाराजांच्या वाढदिवसाला, पण एडवर्ड राजाच्या पोटाचं ऑपरेशन निघालं आणि सगळं पुढं ९ ऑगस्टवर गेलं. आणि महाराज तिकडं असतानाच इकडं २६ जुलैला करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये तो हुकूम निघाला, नोकऱ्यांमध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा. आपण सगळे तो पन्नास टक्क्यांचा आकडा सांगतो. पण तो हुकूम नीट वाचा एकदा. त्यात आधी कारण दिलंय. की सगळ्या प्रजेला शिक्षणाचं उत्तेजन द्यायचा प्रयत्न केला, पण मागासलेल्या वर्गांत हवं तसं यश आलं नाही, उच्च शिक्षणाची फळं त्यांच्यापर्यंत पुरेशी पोचत नाहीत हे त्याचं कारण दिसतं, म्हणून आम्ही हे ठरवलंय. ज्या राजाला कुणाकडं एक मत मागायचं नव्हतं, ज्याचा शब्द हाच कायदा होता, त्यानं हुकूम काढताना का काढतोय ते छापून सांगितलं. वेदोक्ताच्या वेळी, म्हणजे पुरोहितांनी राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायला नकार दिला त्या वादात, पेपरांतून त्यांच्यावर काय काय टीका झाली ते वाचलं तर आजचं ट्रोलिंग सौम्य वाटेल, पण त्यांनी आपली बाजू मांडणं सोडलं नाही. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात चहा प्यायचा तर राजवाड्यात मागवून नाही, भर रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत. माणगावला १९२० मध्ये गेले आणि लोकांना उभं राहून सांगितलं की आंबेडकरांच्या रूपानं तुम्हाला तुमचा पुढारी मिळालाय.

आणि गजापूरला शाहू महाराज गेले ते त्याच वळणानं गेले की नाही? तिथं बोलले, लोकांसमोर उभे राहिले, म्हणून शिव्या खाऊन सुद्धा मोठे झाले. त्याच घरानं नोव्हेंबरमध्ये मौन धरलं आणि चार महिन्यांत जे कमावलं होतं त्यातलं बरंचसं एका दुपारीत गेलं. गेलं ते माघार घेतल्यामुळं नाही, माघार राजकारणात कुणीही घेतं, २०२२ ला राज्यसभेच्या वेळी संभाजीराजेंनी पण घेतलेली, पण ते समोर येऊन बोलले होते, कारण सांगितलं होतं, पटो न पटो.

आमचे एक काका आहेत, कट्टर गादीवाले, त्यांना हे सगळं बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुला राजाकडून खुलासा पाहिजे? उद्या अंबाबाईकडून मागशील." म्हटलं काका, अंबाबाई अजून कुठल्या वॉर्डातून उभी राहिलेली नाही. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

महापालिकेवर २०२० च्या नोव्हेंबरपासून २०२४ संपेपर्यंत प्रशासकच होता. पुढची निवडणूक कधी ना कधी लागेलच, तेव्हा न्यू पॅलेसवर इच्छुकांच्या गाड्यांची परत रांग लागणार, आमच्या गल्लीत परत हात जोडून कुणीतरी येणार, आणि सोबत राजघराण्यातलं कुणी असलं तर मी दारात उभा राहून आधी मुजरा करणार आणि मग विचारणार, ४ नोव्हेंबरला दुपारी नेमकं काय झालं होतं ते सांगा की. ज्यांना हा प्रश्नच अपमान वाटतो त्यांनी खाली लिहा, वाचतो. फक्त आईबहिणीवर गेलात तर कमेंट उडवणार, मग परत फोन करून का उडवली विचारायचं नाही.